क्रियापद आणि भाकरी

मराठीत 'मी' या सर्वनामाला लिंग नाही. क्रियापदाला मात्र आहे. 'मी जातो' म्हणावे की 'मी जाते', हे ठरवल्यावाचून बोलणाऱ्याला वाक्य पुरे करता येत नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यापुढे ही अडचण नसते. म्हणूनच मराठीतील तृतीयपंथी व्यक्तीच्या आत्मकथनाचा विचार करताना समीक्षकाने ही भाषिक अट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे. या शीर्षकात क्रियापदच नाही, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. 'हिजडा' हे नाम व्याकरणाने पुल्लिंगी, 'लक्ष्मी' स्त्रीलिंगी. आणि दोहोंच्या आधी तेच एक 'मी'. पहिले नाव समाजाने शिवीसारखे वापरलेले, दुसरे स्वतः मिरवलेले. क्रियापद टाळल्यामुळे दोन्ही एकत्र नांदू शकतात. मराठी आत्मकथनांच्या शीर्षकांत इतके नेमके शीर्षक क्वचितच आढळते.

मात्र या पुस्तकाचे आपल्याकडील वाचन बहुधा 'धैर्य' आणि 'व्यथा' या दोन शब्दांपाशी थांबते. निवेदनातील भौतिक तपशील त्यात निसटतात. ठाण्यातील उत्तर भारतीय ब्राह्मण कुटुंब, भरतनाट्यमचे शिक्षण, मुंबईतील महाविद्यालय, इंग्रजीवरील प्रभुत्व आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आईवडिलांनी न मिटलेले दार: लक्ष्मी यांच्या स्वाभिमानाला या साऱ्याचा आधार आहे. बहुसंख्यांच्या वाट्याला तो येत नाही. घर सुटते, त्यामागोमाग शाळा सुटते आणि मग गुरूचा डेरा हाच निवारा, शाळा आणि रोजगार होतो. बधाई, मंगती किंवा देहविक्रय यांपलीकडे तेथून वाट क्वचितच फुटते. अपवादाच्या कथेला प्रातिनिधिक मानले की अपवाद ज्यामुळे शक्य झाला ते झाकले जाते.

याच संदर्भात राजीव पाटील दिग्दर्शित 'जोगवा' (२००९) हा चित्रपट आठवावा. राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांचा त्याला आधार आहे. यल्लमाला वाहिलेल्या जोगत्याच्या अंगावर गाव साडी चढवते. ती त्याची बेडी ठरते. लक्ष्मींनी साडी स्वतः निवडली. ती त्यांची मुक्तता ठरते. दोन ओळखी एक नव्हेत, आणि जोगत्याला सरसकट तृतीयपंथी म्हणणे चूकच. परंतु दोघांच्या उपजीविकेत विलक्षण साम्य आहे. जोगवा असो वा बधाई, समाज त्यांच्या आशीर्वादाचे मोल देतो, श्रमाचे नाही. आशीर्वाद हवा, शेजार नको, असा हा व्यवहार आहे.

आपल्या मध्य प्रदेशाला हा विषय नवा नाही. शबनम मौसी सोहागपूरच्या आमदार होत्या. कमला जान कटनीच्या महापौरपदी निवडून आल्या; पण ते पद स्त्रियांसाठी राखीव होते आणि कायद्याच्या लेखी त्या पुरुष, म्हणून न्यायालयाने निवड रद्द ठरवली. मतदारांनी स्वीकारलेली व्यक्ती लिंगाच्या रकान्यात अडली. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली, शिक्षणात व नोकऱ्यांत आरक्षणाचा निर्देशही दिला. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने रोजगारातील भेदभावाला मनाई केली. आरक्षणाची तरतूद मात्र त्यात आली नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली. त्यांच्यातील साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, देशाची ७३ टक्के. ओळख मिळाली तरी पोटाचा प्रश्न उरतोच, हे त्या आकड्यांत आधीच लिहिलेले होते.

पिपलानीच्या वाचकाला हे अधिक उमगावे. ही वसाहतच नोकरीवर उभी राहिली. घर, शाळा, दवाखाना, सारे कारखान्याच्या नोकरीमागून आले. आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे त्या नोकरीसाठीच येथे आली. ज्याला नोकरीच नाकारली जाते, त्याला यांतले काय काय नाकारले जाते, याची यादी आपल्याइतकी कोण अचूक करील? जुन्या भोपाळात मंगळवारा, बुधवारा भागांतील किन्नरांचे डेरे शहराला परिचित आहेत. मूल जन्मले की त्यांची टाळी आपल्या दाराशीही ऐकू येते, आणि तेवढ्यावरच परिचय संपतो.

मराठी व्याकरणाने येथे एक सूक्ष्म न्याय केला आहे. 'मी जातो', 'मी जाते' येथे कर्त्याचे लिंग सांगावे लागते. पण 'मी काम केले', 'मी भाकरी कमावली' या वाक्यांत क्रियापद कर्त्याला काहीच विचारत नाही. ते कामामागे जाते, भाकरीमागे जाते. समाज मात्र नेमका उलट वागतो: रस्त्याने जाणाऱ्याला तो जाऊ देतो, आणि काम मागायला आलेल्याचे लिंग विचारतो. या आत्मकथनांनी 'मी कोण' हा प्रश्न मराठीत ठामपणे मांडला. 'मी काम केले' हे साधे वाक्य त्यांतील प्रत्येकाला म्हणता यावे, ही जबाबदारी लेखकांची नव्हे, वाचकांची आहे.