हरल्यावरही चालणारी गोष्ट

शाळामास्तराने, त्यातून कादंबऱ्या लिहिणाऱ्याने, पडद्यावरच्या कुस्तीवर लिहावे हे वाचकांना गमतीचे वाटेल. पण निंटेंडो ६४ या यंत्रासाठी २००० साली निघालेला ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी’ हा खेळ पुतण्याने मला शिकवला आणि मी त्यात गुंतलो.

अमेरिकेतल्या या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. ते एक नाटकच. खेळ बनवणाऱ्या जपान्यांनी हे मर्म नेमके ओळखले आहे. कळ हलकेच दाबली तर साधी पकड, दाबून धरली तर भक्कम. प्रतिस्पर्ध्याला खिजवले की आपल्या मल्लाचा हुरूप चढतो, आणि तो पुरता चढल्याखेरीज हुकमी डाव टाकताच येत नाही!

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, किताबाच्या वाटेवर कुस्ती हरलात तरी कथा थांबत नाही; दुसऱ्या फाट्याने पुढे जाते. पुष्कळ कादंबरीकारांना हे साधत नाही. मलाही नाही.

उणीव आहे ती पात्रांची. कथा बांधली आहे पट्ट्याशी, मल्लाशी नव्हे. स्टोन कोल्ड घ्या की द रॉक, प्रसंग तेच. संवादही ऐकायचे नाहीत, नुसते वाचायचे. चौघे मल्ल एकदम उतरले की खेळ रेंगाळतो. सुरुवातीच्या काही प्रतींत तर साठवलेली सगळी प्रगतीच पुसली जाई. या दोषाला क्षमा नाही.

परवा पुतण्या चिडून म्हणाला, “काका, तुम्ही मुद्दाम हरता!”

खरे होते. मला दुसरा फाटा पाहायचा होता.