अनामिक भावनांचा कोश

जॉन केनिग ह्यांचा ‘द डिक्शनरी ऑफ ऑब्स्क्योर सॉरोज’ हा ग्रंथ २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. इंग्रजींत ज्या भावनांस नांव नाहीं त्यांना केनिग ह्यांनीं स्वतः घडविलेलीं नांवें दिलीं आहेत. त्यांतलें ‘सॉन्डर’ विशेष गाजलें: वाटेनें जाणाऱ्या प्रत्येक परक्याचें आयुष्य आपल्याइतकेंच गुंतागुंतीचें आहे, ही अकस्मात् होणारी जाणीव. सोळाव्या वर्षीं खिडकींत उभें राहून हा विचार कोणी केला नाहीं? मात्र असा शब्द व्याख्येवांचून बोलत नाहीं. आपल्या ‘हुरहूर’, ‘रुखरुख’, ‘चुटपुट’ ह्यांच्या नादांतच ती ती व्यथा आहे. चुटपुट हातून निसटलेल्याची, हुरहूर पुढें काय होईल ह्याची. तरीहि ‘सॉन्डर’ला मराठींत प्रतिशब्द सांपडत नाहीं. ‘सहानुभूति’ म्हणावें, तर त्यांतलें चमकून थबकणेंच हरवतें.