ब्रसेल्स, कालव्याच्या बाजूने

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आपल्याला बहुधा भेटतो तो 'ट्रेझर आयलंड'चा लेखक म्हणून. त्याआधी पाच वर्षं, १८७८मध्ये, त्याचं पहिलं पुस्तक आलं ते 'ॲन इनलँड व्हॉयेज'. १८७६मध्ये तो आणि त्याचा मित्र वॉल्टर सिम्प्सन दोन शिडाच्या होडक्यांतून अँटवर्पहून निघाले, बेल्जियमच्या कालव्यांतून आणि फ्रान्समधल्या नद्यांतून वल्हवत गेले, त्याची ही हकिगत. होडक्यांची नावं 'अरेथुसा' आणि 'सिगारेट'. आणि पुस्तकभर माणसांनाही त्याच नावांनी हाक. अरेथुसा म्हणजे स्टीव्हन्सन, सिगारेट म्हणजे सिम्प्सन. स्वतःची थट्टा करायची तर आधी स्वतःपासून एक पाऊल बाजूला व्हावं लागतं, ती सोय सत्तावीस वर्षांच्या या लेखकाने पहिल्याच पुस्तकात करून ठेवली आहे.

या प्रवासात सुरुवातीलाच ब्रसेल्स येतं. देशाची राजधानी. मला ही पानं पुन्हापुन्हा वाचावीशी वाटतात, कारण त्यांत राजधानी जवळजवळ नाहीच.

वाट आहे विलेब्रूक कालव्याची. ब्रसेल्सला समुद्राकडे स्वतःचा रस्ता हवा होता, म्हणून १५५०मध्ये खणायला घेतलेला आणि १५६१मध्ये खुला झालेला हा कालवा शहराला रूपेल नदीशी जोडतो. पुढे शेल्ट नदी, मग अँटवर्प आणि समुद्र. लांबी जेमतेम २८ किलोमीटर. स्टीव्हन्सन यातलं काहीही सांगत नाही. तो सांगतो की पाऊस गार होता, कालव्याचं पाणी कोमट, त्यामुळे पाण्यावर वाफ धरली होती. काठच्या झाडांच्या शेंड्यांना वारा भरपूर, पण खाली दोन काठांच्या मध्ये शिडाला मिळायचा तो चुकारपणे आलेला एखादा झोत.

मग बार्जांची, म्हणजे मालवाहू नावांची, रांग येते. पंचवीस-तीस बार्ज एकामागे एक दोरांनी बांधलेले. हिरव्या रंगाचं मोठं सुकाणू, मागच्या उंच भागाला दोन खिडक्या, एखाद्या खिडकीत सुरई किंवा फुलझाडाची कुंडी, स्वयंपाकात गुंतलेली बाई, चार पोरं. ही माळ ओढणाऱ्या आगबोटीला ना चाक ना पंखा. कालव्याच्या तळाशी एक लांबलचक साखळी पडलेली असते. ती बोट पुढून साखळी वर घेते, मागून पाण्यात सोडते आणि कडीकडीने स्वतःला पुढे खेचत नेते. आपल्या डोक्याला हे यंत्र झेपत नाही, असं स्टीव्हन्सन सांगून टाकतो. घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनियरांचं! वडिलांना हे वाक्य कसं लागलं असेल, असा चावट विचार मनात येतोच.

या रांगेवरून तो जे मनोराज्य रचतो, ते या कालव्यावरच्या प्रकरणाचं काळीज आहे. बार्जवाल्यासारखं सुख नाही, असं त्याचं म्हणणं. कालवा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून जातो तिथे बार्ज झाडांच्या आणि पवनचक्कीच्या वरून चालल्यासारखा दिसतो. काठावरून बार्ज ओढणारा घोडा घाई कशाला म्हणतात ते विसरून चाललेला. सुकाणूपाशी पेंगणाऱ्या माणसाला क्षितिजावर दिवसभर तोच एक मनोरा. संध्याकाळी परक्या देशात पाय मोकळे करावेत आणि जेवायला स्वतःच्या चुलीपाशी परत यावं. आणि मग, जाता जाता, तो मोठ्या शहरांचा उल्लेख करतो: त्यांच्या भव्य इमारती, त्यांचे रात्रीचे दिवे या बार्जवाल्याच्या समोरून सरकतात, पण चित्रांचं पुस्तक चाळावं तसे, त्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

पहिल्या वाचनात हे वाक्य नुसतं गोड वाटतं. पुढचं प्रकरण वाचल्यावर कळतं की ती सूचना होती. हा लेखक ब्रसेल्समध्ये शिरणार आहे तो याच नजरेने.

शिवाय या स्तुतीत एक कुरकुर दडली आहे. ऑफिसात हजेरी लावावी लागेल अशा कुठल्याही मोठ्या पदापेक्षा बार्जवर असणं बरं, असं तो लिहितो. वर्षापूर्वीच, १८७५मध्ये, एडिंबरोत त्याला वकिलीची सनद मिळाली होती. वकिली त्याने कधी मनापासून केलीच नाही. कालव्यावरचं हे निवांत लेखन घरच्यांना दिलेलं उत्तरही आहे.

व्हिलव्हॉर्डच्या वरच्या अंगाला, झाडांनी छान सावरलेल्या पट्ट्यात, जेवणासाठी दोघे काठावर उतरतात. चार अंडी, पाव, वाइनची बाटली आणि स्पिरिटवर चालणारी शेगडी. उतरतानाच सिगारेट एक अंडं फोडतो आणि हे तर कागदात शिजवायचं, असा आव आणून ते फ्लेमिश वर्तमानपत्राच्या गुंडाळीसकट शेगडीत टाकतो. ज्वाळा मोठ्या झोकात भडकतात, गवत पुन्हापुन्हा पेट घेतं, ते पायाने विझवावं लागतं, बोटं भाजतात. एवढं होऊन धड अंडं निघतं कोमट, आणि कागदातलं म्हणजे छपाईची शाई आणि टरफलं यांचा थंड काला. राजधानी हाकेच्या अंतरावर आली आहे, आणि लेखकाची सगळी नजर एका अंड्यावर! ही निवड सहज झाली असं मला वाटत नाही.

लाकेनजवळ पाऊस थांबतो, पण सूर्य बुडालेला, अंगावर कोरडं सूत नाही. ब्रसेल्सच्या वेशीवर, 'आले व्हेर्त' या झाडीच्या रस्त्याच्या टोकाशी, दोन्ही काठांना बार्ज लॉकसाठी नंबर लावून उभे. (लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून नाव वरच्या-खालच्या पातळीवर घेतात.) उतरायला जागा नाही, होडकी ठेवायला तबेलाही नाही. गुत्त्याचा मालक उडवून लावतो. तिथे पीत बसलेला एक कळकट इसम शेवटी सांगतो की धक्क्याच्या कोपऱ्यात एक उतार आहे. राजधानीने पाहुण्यांचं केलेलं हे पहिलं स्वागत. आगगाडीने आला असता तर प्रवासी स्टेशन, हॉटेल, चौक अशा क्रमाने शहरात शिरला असता. कालवा त्याला तिथे नेऊन सोडतो जिथे शहर आपला माल उतरवतं.

उताराच्या वर 'रॉयल स्पोर्ट नॉटिक' या क्लबचं नौकाघर आहे. तिथली पोरं गरम पाणी, साबण, टॉवेल देतात, सामान उचलतात आणि मग बोलत सुटतात. दिवसा आम्ही धंद्याच्या नोकऱ्या करतो, पण संध्याकाळी खऱ्या गंभीर कामाला लागतो, असं ती सांगतात. गंभीर काम म्हणजे वल्हवणं. ऑफिसला नाकं मुरडत आलेल्या लेखकाला ऑफिसातच राहून ऑफिसला दुय्यम ठरवणारे लोक भेटतात, आणि तो त्यांच्यावर मनापासून खूश होतो. जगाने सांगितलेलं नव्हे तर स्वतःला आवडतं ते आवडून घेणारी माणसं, म्हणून.

फजिती मात्र सुटत नाही. अरेथुसाला शर्यतींचा तिटकारा. तरी इंग्लंडच्या अब्रूखातर त्याला कधी नावही न ऐकलेल्या वल्हेकऱ्यांवर बोलत बसावं लागतं. तोही स्कॉटलंडचा माणूस! नावेतल्या सरकत्या बैठकीचा विषय निघाला तेव्हा तर बिंग फुटायलाच आलं होतं. सिगारेटला दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावेत वल्हं मारून दाखवायचं आमंत्रण. वर, रविवारपर्यंत थांबलात तर वल्हवण्यातला युरोपचा विजेता तुमच्यासोबत पुढच्या टप्प्याला येईल, अशी भीतिदायक भर.

ब्रसेल्स संपलं. ग्रां प्लासचा चौक नाही, राजवाडा नाही, एक कळसही नाही. इमारती बघायची दृष्टी नव्हती म्हणावं, तर याच पुस्तकात पुढे नोयाँच्या कथीड्रलला त्याने अख्खं प्रकरण दिलं आहे. इथे त्याने राजधानी बार्जवाल्यासारखी सरकू दिली, असं मी म्हणेन.

फक्त बार्जवाल्याइतका धीर त्याच्यापाशी नव्हता. ब्रसेल्स ते शार्लरॉय या कालव्यावर तेव्हा ५५ लॉक होते. क्लबच्या मित्रांचा धसका आणि हे ५५ लॉक, अशी दोन्ही कारणं देऊन पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच दोघे होडक्यांसकट आगगाडीत बसतात आणि सरहद्दीपलीकडे मोबेझला उतरतात.