क्रॉपरची गिटार, ओटिसचं गाणं

ओटिस रेडिंगचं 'सिटिंग ऑन द डॉक ऑफ द बे' ऐकलेल्याला त्याचा आवाज आठवतो, शेवटची शीळ आठवते, लाटा आठवतात. गिटार सहसा आठवत नाही. ती वाजवणारा स्टीव्ह क्रॉपर या गाण्याचा सहलेखक आहे आणि निर्माताही. गाणं ऐकताना आपल्याकडे लक्ष जाऊ नये इतक्या बेतानं वाजवणं, हीच त्याची सर्वांत मोठी कमाई, असं माझं ठाम मत आहे.

क्रॉपरचा जन्म 1941 चा, मिसूरी राज्यातला. लहानपणीच तो मेम्फिसला आला. तिथं मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या एका जुन्या सिनेमा थिएटरमध्ये स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीनं स्टुडिओ थाटला होता. खुर्च्या काढल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन तशीच राहिली. गायक कुणीही येवो, साथीला बसणारी माणसं तीच असत. 'बुकर टी. अँड द एमजीज' या नावानं ती स्वतःच्याही रेकॉर्ड काढत. काळे आणि गोरे यांची वस्ती, शाळा, हॉटेलं वेगळी असलेल्या त्या शहरात या चौघांत दोन्ही वर्णांची माणसं होती आणि सगळे एकाच खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवत होते.

त्यांचं 1962 चं 'ग्रीन अनियन्स' आधी ऐकावं. सतरा वर्षांचा बुकर टी. जोन्स ऑर्गनवर एक सुरावट धरून बसतो आणि ती सोडतच नाही. क्रॉपर बराच वेळ नुसते कॉर्डचे छोटे, कोरडे तुकडे टाकतो. त्याची पाळी येते तेव्हा गिटारच्या वरच्या तारा चावा घेतात, पण वेगाची हौस कुठंही दिसत नाही. दोन वाक्यांच्या मधली शांतता तो पुरती वाजू देतो.

ठेक्याचं त्याचं भान समजायला 1965 चं विल्सन पिकेटचं 'इन द मिडनाइट आवर' हवं. हे गाणं क्रॉपर आणि पिकेटनं मिळून लिहिलं, मेम्फिसच्या लोरेन मोटेलमध्ये बसून. रेकॉर्डिंगच्या वेळी अटलांटिक कंपनीचा जेरी वेक्सलर स्टुडिओत आला आणि तेव्हा तरुण मंडळींत चालणारा एक नाच करून दाखवू लागला. त्यावरून ड्रमवादक अल जॅक्सन आणि क्रॉपर यांनी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ठोका किंचित मागे ओढला. अंतर केसाएवढं, पण त्यानं सगळं गाणं जड पावलांनी डुलायला लागतं. क्रॉपरच्या उजव्या हाताचा कॉर्ड जॅक्सनच्या स्नेअरवर इतका नेमका पडतो की दोन वाद्यं वेगळी काढता येत नाहीत. सॅम अँड डेव्हच्या 'सोल मॅन'मध्ये (1967) तो सुरुवातीलाच दोन तारा एकदम छेडून घसरत खाली येतो, आणि पुढं गायक रेकॉर्डवरच त्याचं नाव घेऊन त्याला वाजवायला सांगतो. साथीदाराला गाण्यातच नावानं हाक मिळावी, याहून मोठी दाद कोणती?

आता 'डॉक ऑफ द बे'. 1967 च्या उन्हाळ्यात ओटिस सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलितो इथं एका हाउसबोटीवर राहिला होता. तिथं सुचलेला मुखडा घेऊन तो मेम्फिसला आला आणि क्रॉपरबरोबर बसून त्यानं गाणं पुरं केलं. घर सोडून दूर आलेल्या, कशातच मन न लागणाऱ्या माणसाचं हे गाणं. त्याचे कॉर्ड पाहा: जी, बी, सी, ए. चारही मेजर. नियमानं जायचं तर बी आणि ए या जागी मायनर कॉर्ड यायचे, आणि गाणं लगेच रडवेलं झालं असतं. ओटिस आपली गिटार मेजर कॉर्डलाच लावून एका बोटानं वाजवायचा, त्यामुळं त्याला सुचायचं ते मेजरमध्येच. क्रॉपरला हे 'सुधारणं' सहज शक्य होतं. त्यानं हात लावला नाही. म्हणून शब्दांत हताशा आणि सुरांत ऊन, असं ते गाणं राहिलं. माझ्या मते निर्माता म्हणून त्याचा पहिला मोठा निर्णय हाच.

दुसरा निर्णय गिटारचा. ओटिसची ओळ संपते, तो श्वास घेतो, तेवढ्याच जागेत वरच्या तारांवर एक वाकवलेला छोटा सूर येतो आणि पुढच्या ओळीआधी निघूनही जातो. प्रत्येक वेळी वेगळा, प्रत्येक वेळी कमीच. पाण्यावरून झेपावून गेलेल्या पक्ष्याचा आवाज मला त्यात ऐकू येतो.

10 डिसेंबर 1967 रोजी विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात विमान कोसळून ओटिस गेला. वय 26. साथीला निघालेल्या बार-केज या तरुण वाद्यवृंदातलेही चौघं गेले. रेकॉर्डिंगला तीन आठवडेही झाले नव्हते. अटलांटिकला रेकॉर्ड लगेच हवी होती. दुःखात बुडालेल्या क्रॉपरनं काही दिवसांतच मिक्सिंग पुरं केलं. व्हायोलिनांचा ताफा, कोरस, श्रद्धांजलीची सजावट, काहीही चढवता आलं असतं. त्यानं टेपवरच्या लाटा आणि समुद्रपक्षी तेवढे मिसळले. शेवटी ओटिसनं काही शब्द म्हणायचे ठरले होते. ऐन वेळी ते आठवेनात म्हणून शीळ आली, असं क्रॉपरनं सांगितलेलं आहे. ती शीळ त्यानं तशीच विरत जाऊ दिली.

रेकॉर्ड 8 जानेवारी 1968 ला निघाली आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन चार आठवडे राहिली. कलावंताच्या मृत्यूनंतर त्या जागी पोचलेलं हे पहिलंच गाणं. क्रॉपरनं 1970 मध्ये स्टॅक्स सोडलं, मेम्फिसमध्येच भागीदारीत स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि 1972 मध्ये जेफ बेक ग्रुपच्या अल्बमची निर्मिती केली. ते काम नीटनेटकं आहे, पण तिथं समोर स्वतःच एक जबरदस्त गिटारवादक असल्यामुळं क्रॉपरच्या मौनाला फारसा वाव नाही. त्याचं खरं मोठेपण मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या त्या दहा वर्षांतच आहे.

'डॉक ऑफ द बे' तुमच्या माहितीचं असेल तर हेडफोन लावून पुन्हा एकदा ऐका. ओटिसला या वेळी बाजूला ठेवा आणि प्रत्येक ओळीनंतरची जागा तेवढी ऐका.