झोपाळ्याची गती आणि दोन वर्तुळे : प्राचलीय समीकरणांच्या अध्यापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

सर परशुरामभाऊ महाविद्यालय (१९१६) व ज्ञान प्रबोधिनी (१९६२) यांची सदाशिव पेठ ही विद्यार्थ्यांची पेठ आहे. तेथील जुन्या वाड्यांतून कड्यांचा झोपाळा असे. आंदोलनाचा इतका परिचित नमुना असूनही त्याची गती समीकरणात मांडताना विद्यार्थी का अडखळतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

अभ्यासक्रमातील फट

बालभारतीची अकरावीची पुस्तके २०१९ मध्ये व बारावीची २०२० मध्ये आली. अकरावीच्या गणितात वर्तुळ व शांकवांची प्राचलीय समीकरणे येतात. बारावीच्या भौतिकशास्त्रात साधा दोलक येतो. गणितात वक्र आहे, पण काळ नाही. दोलकात काळ आहे, पण लहान कोनाच्या गृहीतकामुळे वक्र सरळ रेषेत विरून जातो. परिणामी काळ हाच प्राचल असलेला वक्र दोन्ही विषयांच्या मधल्या फटीत निसटतो.

दोन वर्तुळांचा गोंधळ

सरल आवर्त गती शिकवताना संदर्भवर्तुळाचा आधार घेतला जातो. हे वर्तुळ काल्पनिक असून त्याची त्रिज्या म्हणजे आंदोलनाचा आयाम. झोपाळा ज्या कंसावरून जातो त्याचे वर्तुळ मात्र खरे असून त्याची त्रिज्या म्हणजे कडीची लांबी. हा भेद स्पष्ट केला नाही, तर विद्यार्थी कोनाच्या जागी थेट काळ घालून वर्तुळाचेच समीकरण लिहितो. असा झोपाळा एकसमान वेगाने आढ्याला वळसा घालून फिरत राहील!

योग्य मांडणी दोन पायऱ्यांची आहे. लांबी ल, लंबाशी होणारा कोन थ, कमाल कोन म, कोनीय वारंवारता व आणि काळ क मानल्यास :

क्ष = ल × ज्या(थ), य = ल × [१ − कोज्या(थ)]
थ = म × कोज्या(व × क)

पहिली ओळ मार्ग सांगते व ती सर्व कोनांना अचूक लागू पडते. दुसरी ओळ वेळापत्रक सांगते आणि ती लहान कोनांपुरतीच जवळजवळ खरी आहे. अध्यापनात नेमका हाच फरक अनुच्चारित राहतो.

पडताळा

कडी २.२५ मीटर असल्यास आवर्तकाल सुमारे ३.०१ सेकंद येतो. कमाल कोन ३० अंश धरल्यास फळी बाजूला १.१२५ मीटर जाते, पण वर केवळ ०.३० मीटर चढते. एका आवर्तनात ती दोनदा उंच जाते, म्हणून उंचीचे आवर्तन निम्म्या काळात पूर्ण होते. ही गोष्ट समीकरणातून आपोआप निघते.

प्रतिमानाची मर्यादाही मोजता येते. दहा आंदोलनांना सूत्राने ३०.१ सेकंद लागावेत. आयाम ३० अंशांवर टिकला तर ३०.६ आणि ६० अंशांवर टिकला तर ३२.३ सेकंद लागतात. (मोठ्या कोनाचा प्रयोग दोरीला बांधलेल्या वजनावर करावा, झोपाळ्यावर नव्हे.) सर्व आयामांना समान काळ देणारा वक्र वर्तुळ नसून चक्रज आहे, हे हायगेन्सने १६७३ च्या ग्रंथात दाखविले, आणि चक्रज प्राचलीय समीकरणांनीच सुलभपणे लिहिता येतो.

टांगणीचा प्रकारही विचारात घ्यावा. चार कड्या चार वेगळ्या बिंदूंना समांतर टांगल्यास फळी झुलतानाही आडवीच राहते. तिचा प्रत्येक बिंदू सारख्याच त्रिज्येच्या कंसावर जातो. बागेतील दोन साखळ्यांच्या पाळण्याची फळी मात्र तिरपी होते व बसणाऱ्याचा गुरुत्वमध्य वेगळ्या त्रिज्येवर फिरतो. समीकरण लिहिण्यापूर्वी 'कोणत्या बिंदूचे?' हा प्रश्न म्हणूनच अपरिहार्य ठरतो.

निष्कर्ष

परीक्षेच्या दडपणाखाली एवढा वेळ कोठून काढावा, हा आक्षेप रास्त आहे. तथापि एक दोरी, एक वजन व मनगटी घड्याळ यांवर हा पाठ दोन तासिकांत होऊ शकतो. अट इतकीच की गणित व भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी तो एकत्र आखावा. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त (११५०) ज्येचे गणित ग्रहगतीसाठी येते. गतीसाठी वापरली गेलेली ज्या केवळ त्रिकोणात कोंडून ठेवणे हे अध्यापनाचे दारिद्र्य होय. सूत्र पाठ असणे आणि सूत्र कोठे अपुरे पडते हे सांगता येणे, यांतील अंतर मिटविणे हेच प्रतिमान-अध्यापनाचे खरे प्रयोजन आहे.