'ट्रायबल हैदराबाद' आणि लोकप्रशासनाचा वर्ग : एक चिकित्सा

लोकप्रशासन हा विषय आपल्या विद्यापीठांत येऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. मद्रास विद्यापीठाने १९३७ मध्ये या विषयाची पदविका सुरू केली. स्वातंत्र्यानंतर नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन व स्थानिक स्वशासन यांचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९५४ मध्ये दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली. आज तेलंगणातील पदवी महाविद्यालयांत अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या जोडीने हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या लक्षणीय आहे. आदिलाबाद जिल्हाही त्यास अपवाद नाही. परंतु या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या हाती जे पाठ्यपुस्तक पडते त्याची सुरुवात वुड्रो विल्सन यांच्या १८८७ च्या निबंधाने होते. पुढे टेलर, वेबर, गुलिक यांचा 'पोस्डकॉर्ब' आणि रिग्ज यांचा प्रिझमीय समाज अशी वाटचाल करून ते जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यांच्या यादीवर येऊन थांबते. ज्या जिल्ह्यात हा वर्ग भरतो त्या जिल्ह्याचे नाव त्यात सहसा येत नाही.

ही उणीव केवळ स्थानिक अभिमानाची बाब असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु धोरण कसे जन्मते, कसे राबविले जाते आणि कागदावर कायम राहूनही जमिनीवर कसे विरून जाते, याचे उदाहरण म्हणून आदिलाबादइतका भरगच्च दस्तऐवज देशात फार थोड्या जिल्ह्यांपाशी असेल. त्या दस्तऐवजाच्या केंद्रस्थानी 'ट्रायबल हैदराबाद' हे १९४५ मध्ये निजाम सरकारच्या महसूल खात्याने प्रसिद्ध केलेले पुस्तक आहे. ते मानववंशशास्त्राच्या कपाटात ठेवले जाते. लोकप्रशासनाच्या शिक्षकाने ते तेथून काढून आपल्या टेबलावर आणावे, असे त्याचे स्वरूप आहे.

पुस्तकाचा लेखक क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नात जन्मलेला (१९०९) मानववंशशास्त्रज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याच्यावर बंधने आली आणि त्याला हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहावे लागले. त्याच सुमारास, १९४० मध्ये, आसिफाबाद परिसरातील जोडेघाट येथे कुमराम भीम आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. या उठावामागची कारणे शोधण्याची गरज सरकारला वाटू लागली. मध्य प्रांतातून आलेले आणि बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन पुढे संस्थानच्या महसूल खात्याचे प्रमुख झाले. प्रशासकाला प्रश्न पडलेला आहे आणि उत्तर शोधणारा विद्वान हाताशी आहे, असा योग क्वचित जुळतो.

पुस्तकात चार अहवाल आहेत. आदिलाबादविषयीचा अहवाल वाचताना प्रथम डोळ्यांत भरतो तो तपशील. राखीव जंगलाच्या सीमा आखताना गोंडांची पडीत टाकलेली शेते सरकारी जंगलात कशी गेली, वनरक्षकाला देणे दिल्याशिवाय नांगर कसा चालेनासा झाला, पट्टा नसलेला कुळवाडी स्वतःच्याच गावात अतिक्रमक कसा ठरला, हे गावांच्या नावानिशी येते. पट्टा, पटवारी, शिवाय जमाबंदी, तकावी हे शब्द मराठवाड्यातील वाचकाला परके नाहीत. धोरण राबविणारा खरा अधिकारी सर्वांत खालच्या पायरीवर उभा असतो, हे मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये सिद्धान्तरूपाने मांडले. या अहवालातील वनरक्षक तेच पस्तीस वर्षे आधी, सिद्धान्ताविना, दाखवून देतो. लिप्स्की शिकवावेतच, पण हा वनरक्षक आधी दाखविला तर विद्यार्थ्याला ते अधिक लवकर कळतील.

अहवाल केवळ निदान करून थांबला नाही. गोंडांना विशेष सवलतीने पट्टे देण्याची 'लावणी खास' मोहीम निघाली आणि हजारो कुटुंबांच्या नावे जमीन लागली. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र सुरू झाले. गोंडीतील वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. गोंड मुलाला गोंड शिक्षकाने गोंडीतून शिकवावे, ही कल्पना त्या काळच्या संस्थानात धाडसाचीच म्हटली पाहिजे. १३५६ फसलीच्या, म्हणजे १९४६ च्या, आदिवासी क्षेत्र विनियमाने या सर्व कामाला कायद्याचा आधार मिळाला. हायमेनडॉर्फ स्वतः सरकारचे सल्लागार आणि उस्मानिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यापीठ आणि सचिवालय यांच्यातील अंतर इतके कमी झाल्याचे दुसरे उदाहरण त्या काळात सहज सापडणार नाही.

येथे एका मराठी अधिकाऱ्याचा उल्लेख टाळता येत नाही. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हैदराबाद मुलकी सेवेत असताना आदिलाबादेत गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले आणि गोंडांवर इंग्रजीत पुस्तक सिद्ध केले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार, गॅझेटियरचे संपादक आणि गालिबचे भाष्यकार म्हणून ओळखतो. फारसी-उर्दूतील कागद आणि गोंडाची बोली या दोन्हींत वावरणारा महसुली अधिकारी ही त्यांची ओळख मात्र मागे पडली आहे. प्रजेची भाषा येणारा अधिकारी हे प्रशासनातील एक साधन आहे, हे पाठ्यपुस्तकांच्या 'कार्मिक प्रशासन' या प्रकरणात कोठे शिकविले जाते?

आता अहवालाच्या मर्यादेकडे वळावे लागेल, कारण त्याचा आजवर झालेला गौरव बराचसा एकतर्फी आहे. भीमाची मागणी लोकस्मृतीत जशी टिकली आहे, तीत जमिनीबरोबर आपल्या गावांचा कारभार आपल्या हाती असावा हा आग्रह आहे. अहवालाने जमिनीचा भाग उचलला आणि कारभाराचा भाग सरकारच्या स्वाधीन केला. राजकीय मागणीचे रूपांतर प्रशासकीय प्रकरणात झाले. गोंड हा संरक्षणाचा विषय ठरला. निर्णय घेणारा ठरला नाही. विनियमात पंचायतींची तरतूद होती हे खरे, परंतु साऱ्या रचनेचा भार विशेष अधिकाऱ्याच्या सद्भावनेवर होता. सहृदय अधिकारी बदलून गेला की व्यवस्थेत काय उरते, हा प्रश्न अहवालाने स्वतःला विचारला नाही.

उत्तर पुढील तीस वर्षांनी दिले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबादचे किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि एकाच धोरणाच्या क्षेत्राचे दोन तुकडे झाले. गोंडीतून शिक्षणाचा प्रयोग मागे पडला. १९५९ चा आंध्रातील जमीन हस्तांतर विनियम १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाला व जुना निजामी विनियम संपला. १९७० ची दुरुस्ती, जिला लोक '१/७०' म्हणून ओळखतात, कायदा म्हणून अत्यंत कडक आहे. अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातील जमीन मूळची आदिवासीचीच, असे तीत गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर आहे. असे असूनही जमिनी जात राहिल्या. रिग्ज यांच्या 'औपचारिकता' या संकल्पनेला, म्हणजे नियम आणि व्यवहार यांतील फारकतीला, याहून जवळचे उदाहरण शोधण्यासाठी थायलंडला जाण्याची गरज नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे गोंडांच्या मेळाव्यावर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा आहे. इतरांनी दिलेले आकडे याहून फार मोठे आहेत.

हायमेनडॉर्फ यांचा मोठेपणा असा की त्यांनी पुन्हा येऊन स्वतःच्या धोरणाची अवस्था पाहिली आणि १९८२ च्या 'ट्राइब्स ऑफ इंडिया' या ग्रंथात ती लपविली नाही. सल्लागाराने आपल्याच सल्ल्याची तपासणी छापावी, हे धोरण-अभ्यासात दुर्मीळ आहे. तथापि त्यांचे निदान एका जागी अपुरे पडते. संरक्षण करणारी जुनी राजवट गेली आणि मतांचे राजकारण आले, म्हणून गोंड हरले, असा त्यांच्या विवेचनाचा कल आहे. गोंडांना कारभारात वाटा न देणारी रचना जुन्या राजवटीतच घातली गेली होती, हे ते पुरेसे लक्षात घेत नाहीत. मतांचे राजकारण आले तेव्हा गोंडांपाशी पट्टा होता. तो राखण्यासाठी लागणारी सत्ता नव्हती.

मारलवाईच्या शिक्षकांची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. बाहेरून नेमलेले शिक्षक शाळेत येत नाहीत, या अनुभवावरून आंध्र प्रदेश सरकारने १० जानेवारी २००० च्या शासन निर्णय क्रमांक ३ ने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकपदे शंभर टक्के स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवली. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय घटनाबाह्य ठरविला. आदिवासींना आदिवासींनीच शिकवावे, ही कल्पना न्यायालयाला मान्य झाली नाही. समतेचे तत्त्व आणि वर्गात रोज हजर राहणारा शिक्षक यांतील हा ताण वर्गात मांडला, तर एका तासिकेत विद्यार्थी पाचवी अनुसूची, राज्यपालांचे अधिकार आणि कलम १६ शिकून जातील. बी.एड.ची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तर हा प्रश्न स्वतःच्या पोटाचा आहे.

दुसरा पाठ सीमेवर आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातील लंबाडा समाज अनुसूचित जमातींत आला. किनवटकडील त्याचेच नातलग महाराष्ट्रात विमुक्त जातींत राहिले. एका ओढ्याने वर्ग बदलतो, त्याबरोबर शिष्यवृत्ती बदलते आणि जमीन घेण्याचा हक्कही बदलतो. सवलत मिळणारा आणि तिच्यामुळे धास्तावलेला गोंड, दोघेही गरीब आहेत. २०१७ मध्ये आदिलाबादेत या दोन समाजांत जो तणाव उसळला त्याकडे जातीय भांडण म्हणून पाहणे सोपे आहे. धोरणाचा विद्यार्थी तेथे यादी कोणी केली, कोणत्या निकषावर केली आणि सीमा कोठे ओढली, हे विचारील.

हा अभ्यास कोण करणार? निजामाच्या महसूल खात्याचा पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर उर्दूत आहे आणि त्या राजवटीचे दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. लोकप्रशासनाचे बहुतेक नवे संशोधक ते वाचू शकत नाहीत. त्यामुळे एका ऑस्ट्रियन विद्वानाचे इंग्रजी पुस्तक हेच सगळ्यांचे मूळ साधन होऊन बसले आहे. आदिलाबाद, निर्मल, नांदेडकडील उर्दू माध्यमातून आलेली मुले-मुली मात्र ते वाचू शकतात. मोडी आणि मराठी जाणणारा सहाध्यायी, गोंडी बोलणारी वर्गमैत्रीण आणि उर्दू वाचणारा विद्यार्थी एका बाकावर बसतात अशी महाविद्यालये याच पट्ट्यात आहेत. उर्दू येणे ही केवळ साहित्याची आवड समजली जाते, आणि तिचा महसुली उपयोग पगडींच्या पिढीबरोबर संपला असे मानले जाते. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी एखाद्या गावाच्या लावणी खास पट्ट्यांची १९४० च्या दशकातील यादी घ्यावी, त्याच सर्वे क्रमांकांची आजची नोंद शेजारी मांडावी आणि मधल्या प्रत्येक फेरफाराचा हुकूम कोणाच्या सहीचा आहे ते लिहावे. एका गावाचे असे काम दोन सत्रांत होण्याजोगे आहे.