मरणे आणि मारणे

लंडनला पाहुणे आले की बकिंगहॅम पॅलेस ठरलेला. तिथून ग्रीन पार्कच्या कडेने हाइड पार्क कॉर्नरकडे गेले की पिकॅडिलीलगत पांढऱ्या दगडी खांबांचे एक भव्य स्मारक लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या ‘बॉम्बर कमांड’चे. राणी एलिझाबेथ यांनी २८ जून २०१२ रोजी, म्हणजे युद्ध संपून सदुसष्ट वर्षांनी, त्याचे अनावरण केले.

आत फिलिप जॅक्सन यांनी घडवलेले सात वैमानिकांचे ब्राँझचे पुतळे आहेत. मोहिमेवरून नुकती परतलेली, दमलेली माणसे. एकाच्याही चेहऱ्यावर विजयाचा आव नाही. शिल्प म्हणून ते मनाला भिडते, आणि भिडावेच. या दलातल्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-सहकाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मेले, बहुतेक विशीतले. त्यांच्यासाठी शोक करायला कुणाची परवानगी लागू नये.

खटकतो तो मजकूर. १९३९ ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत प्राण गमावलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही हे स्मारक आहे, अशा आशयाची एक ओळ तिथे कोरलेली आहे. ओळ उदार वाटते, पण तिच्यात कर्ता नाही. वैमानिक मेले आणि हॅम्बुर्गची मुलेही मेली, जणू दोघांवर एकच वादळ कोसळले. मराठीत मरणे आणि मारणे यांत एका कान्याचा फरक आहे. हे स्मारक तो काना गाळते.

तो का गाळता येत नाही, हे कागदपत्रांतच आहे. ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालातून कळले, की लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होती. मग १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरले. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी लिहून स्पष्ट केले, की नेम वस्त्यांवर धरायचा, गोद्यांवर किंवा विमान कारखान्यांवर नव्हे. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसे मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार.

युद्धात नागरिकांच्या मृत्यूचे समर्थन कधी होऊ शकते का? शस्त्रांच्या कारखान्यावर हल्ला करताना, शक्य ती सगळी काळजी घेऊनही शेजारची चाळ कोसळली, तर त्या मृत्यूंचे ओझे घेऊन का होईना, समर्थनाचा विचार होऊ शकतो. पण चाळ कोसळणे हाच बेत असेल, तर ते मृत्यू दुर्दैवी परिणाम राहत नाहीत, ते साधन होतात. या हल्ल्यांमुळे जर्मन तोफा आणि लढाऊ विमाने पूर्व आघाडीवरून मागे खेचली गेली, हे खरे आहे. पण उपयोग झाला म्हणून साधन योग्य ठरत नाही.

बचावाची सर्वांत बळकट मांडणी अमेरिकन तत्त्वज्ञ मायकल वॉल्झर यांची. नाझींपुढे ब्रिटन एकटे असताना, दुसरे शस्त्र हाती नसताना, हा गुन्हाही क्षम्य ठरू शकतो, असे ते म्हणतात. पण रशिया आणि अमेरिका युद्धात उतरल्यावर ती सबब संपली, हेही तेच सांगतात. आणि मृत्यूंचा मोठा वाटा त्यानंतरचा आहे.

‘तेव्हाचा काळच वेगळा होता’ हे उत्तरही टिकत नाही. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभे राहून सरकारला या हल्ल्यांचा जाब विचारला. ते नाझींचे कट्टर विरोधक होते. ज्या चर्चिल यांच्या सरकारने हे धोरण राबवले, त्यांनीही १३ मे १९४५ च्या विजयाच्या भाषणात बॉम्बर कमांडचा उल्लेख टाळला. जाब टाळायचा म्हणून त्या पोरांचा शोकही टाळला गेला. आज शोक होतो आहे, जाब अजून बाकी आहे.

इंग्रजांना हे सुनावणे आपल्याला सोपे जाते. म्हणून आपल्याही घरात डोकवावे. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. अलिवर्दी खानाने भास्करपंत कोल्हटकरांना भेटीला बोलावून दगा दिला, ते आपण अजून सांगतो. पण त्या फौजांनी जाळलेली गावे आणि मारलेली माणसे आठवतात ती बंगालीत: गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त, आणि बर्गी आले म्हणून मुलांना निजवणाऱ्या अंगाईत. बर्गी म्हणजे आपले बारगीर.

इथेही काळाची सबब चालत नाही. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराने रयतेला तोशीस देऊ नये, असे शिवाजी महाराजांचे पत्र त्याआधीचे, सतराव्या शतकातले. त्यातली रयत आपल्या मुलखातली होती, हे मात्र खरे. पण कसोटी लागते ती तिथेच: रयत परक्याची असली की आपली भाषा बदलते का? बेल जर्मन रयतेसाठी बोलले, तेही लंडनवर बॉम्ब पडत असताना. बंगालच्या रयतेसाठी मराठीत तसे बोलायला आपल्यावर तर कुणी बॉम्बही टाकत नाही. पाहुण्यांना हे स्मारक दाखवताना एवढे जरूर सांगावे, आणि ‘मेले’ न म्हणता ‘मारले’ म्हणावे.